मेर्सेनची १२७ घातांकाची मूळसंख्या

दोनाच्या १२७ व्या घातातून एक वजा केला असता १७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७ ही ३९ अंकी मूळसंख्या मिळते. गणिताच्या इतिहासात तिला मान आहे तो तिच्या विस्तारामुळे नव्हे, तर एकही विभाजक न धुंडाळता तिचे मूळत्व ज्या रीतीने सिद्ध झाले त्या रीतीमुळे होय.

फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा मूळसंख्या देणाऱ्या २५७ पर्यंतच्या घातांकांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत १२७ हा घातांक होता. परंतु त्याच यादीत ६७ व २५७ चुकीने दाखल झालेले आणि ६१, ८९ व १०७ गळालेले असल्यामुळे तिचा हवाला पुराव्याच्या जागी चालण्यासारखा नव्हता. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर तो २५४ च्या एखाद्या पटीहून एकाने अधिक आणि आठाने भागल्यास १ किंवा ७ बाकी ठेवणारा असावयास हवा. मात्र एवढे निर्बंध घालूनही तिच्या वर्गमूळापर्यंत अडीचशे कोटी कोटींहून अधिक संख्या तपासावयाच्या राहतात.

हा मार्ग सोडून एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये निराळीच कसोटी योजिली. तीनापासून आरंभ करावा, प्रत्येक पदाचा वर्ग करून दोन वजा करावेत आणि इष्ट संख्येने भागून उरलेली बाकी पुढचे पद मानावी. घातांक सात घेतल्यास, म्हणजे १२७ ही संख्या तपासताना, ३, ७, ४७, ४८, १६ अशी पदे येतात. सोळाच्या वर्गातून दोन गेले की २५४, म्हणजे १२७ ची बरोबर दुप्पट, तेव्हा बाकी शून्य आणि १२७ मूळ ठरते. प्रस्तुत संख्येसाठी असे १२५ वर्ग करावे लागतात. द्विमान पद्धतीत ती १२७ एकांची सलग ओळ असल्याने भागाकाराची यातायात उरत नाही. गुणाकारात १२७ स्थानांपलीकडे गेलेले अंक खालच्या अंकांत मिळविले की काम भागते. ल्युका यांनी याकरिता १२७ गुणिले १२७ घरांचा पट कल्पिला होता. पुढे १९३० मध्ये डी. एच. लेमर यांनी या कसोटीला नेटके रूप दिले, आणि संगणकांनी प्रचंड मेर्सेन संख्या तपासल्या त्या तिच्याच आधारे.

पाऊणशे वर्षे हीच ज्ञात मूळसंख्यांत सर्वांत मोठी होती. १९५१ मध्ये फेरिए यांनी यांत्रिक गणकावर ४४ अंकी संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर व व्हीलर यांनी गाठलेली ७९ अंकी मूळसंख्या तर हिच्याच वर्गाच्या १८० पटीत एक मिळवून बनलेली आहे. दोनाच्या १२६ व्या घाताने हिला गुणिले असता ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते.

२, ३, ७, १२७ या साखळीत प्रत्येक संख्या पुढचीचा घातांक होते, आणि १२७ च्या पुढची कडी ती हीच. आता हिलाच घातांक करून मिळणाऱ्या संख्येतील अंक मोजू गेल्यास ती मोजणीच ३८ अंकी भरते. ती संख्या मूळ की संयुक्त, याचा निर्णय अद्याप लागलेला नाही.