तलावात उतरण्याआधी अंघोळ कशाला?

"पाण्यात क्लोरीन असतंच की!" असं तुम्हीही म्हणत असाल. क्लोरीन नव्हतं तेव्हाचं ऐका. १८४६ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये सार्वजनिक स्नानगृहं वाढली. तिथल्या तलावात एकदा भरलेलं पाणी कित्येक दिवस तसंच राही. ते गढूळ होत जाई, तसे अनेक ठिकाणी तिकिटाचे दर उतरत. म्हणजे गरिबांच्या वाट्याला शिळं पाणी!

१९१० मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने आपल्या तलावात क्लोरीन वापरलं. जंतू मरू लागले. पण अंगावरचा घाम, तेल आणि (हो, मोठ्यांचीही) लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं. डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. तलावाचा तो उग्र वासही त्याचाच, स्वच्छतेचा नव्हे. शिवाय तिथे खर्ची पडलेलं क्लोरीन जंतूंसाठी उरत नाही. शॉवरखाली एक मिनिट अंग नीट धुतलंत तरी बरीच घाण बाहेरच राहते.