फादर बाखर आणि आमचा पऱ्ह्या

देवाची सेवा करणाऱ्याला गावाने सांभाळायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. भात झोडलं की आधी गुरवाचा वाटा बाजूला काढायचा, मग उरलेलं घरात. आमच्या आंजर्ल्याचा तर गणपतीच कड्यावर बसलेला. लहानपणी आजीबरोबर चढून जायचो तेव्हा ती म्हणायची, "वर राहणाऱ्याला खालच्यांनी पोचवायचं असतं रे."

डोंगराकडच्या लोकांसाठी जन्म घालवलेल्या एका पाद्रीबाबांची गोष्ट मला कळली ती भाच्यामुळे. तो संगमनेरला मास्तर. वीसेक वर्षांमागे त्याच्याकडे गेलो, तर म्हणाला, "मामा, चला, दरेवाडी दाखवतो."

फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे. जन्म 1924 चा. जेझुइट म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. 1948 साली ते भारतात आले आणि पुढे नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, रमले. आपल्या बाजूला सह्याद्री सव्वाशे-दीडशे इंच पाऊस ओततो. घाटापलीकडे त्याच डोंगराच्या आडोशाला वीस इंचही धड पडत नाही. 1972 च्या दुष्काळात तिकडच्या माणसांनी खडी फोडून पोट भरलं, पण डोंगर उघडाबोडकाच राहिला. पुढच्या पावसात माती वाहायची ती वाहिलीच.

अशा ठिकाणी पाद्रीबाबांना मदत करायची म्हणजे काय करायचं? पैसे पाठवणारे परदेशात होते. पण पैशाने आलेला टँकर रिकामा झाला की माणूस परत रस्त्याकडे डोळे लावून बसतो. फादरांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या धडपडीतून 1989 साली इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. निधी जर्मन सरकारचा, इकडची व्यवस्था नाबार्डकडे. 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी 'वॉटर' ही संस्था काढली.

यातली खरी गोम अटीत होती. गावाची निवड व्हायच्या आधीच घरटी श्रमदान करून दाखवायचं. मग कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. गावाची समिती ग्रामसभेने नेमायची. काम माथ्यापासून पायथ्याकडे, आधी वर चर खणायचे आणि मग खाली बंधारे घालायचे. हे बोलायला सोपं आहे. चराईबंदीचा चटका आधी बसतो तो शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्याला, त्याच्याकडे दुसरं काही नसतं. त्याची समजूत घातल्याशिवाय डोंगर हिरवा होत नाही.

दरेवाडीच्या उतारावर मी समतल चर पाहिले. एकेका चरावर झाडं उभी. पूर्वी या गावाला टँकर लागायचा, भाचा सांगत होता. मी खाली बसून माती हातात घेतली आणि मला माझीच लाज वाटली.

कारण आमच्या वाडीचा पऱ्ह्या फाल्गुनात आटायचा. एवढा पाऊस पडून वैशाखात आमच्या बायका हंडे घेऊन लांब जायच्या. ग्रामसभेत पोत्यांचा बंधारा घालायचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो होतो, "सरकारचं काम आपण कशाला करायचं?" माझ्या त्या एका वाक्याने तीन वर्षं काम राहिलं. हंडे वाहणाऱ्यांत माझी बायकोही होती. ती तेव्हा काही बोलली नाही.

परत आल्यावर सभेत उभा राहून चूक कबूल केली. पहिल्या दिवशी आलो ते चौघेच. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून आडवा बांध घातला. त्या वर्षी चैत्र लागला तरी डोहात पाणी होतं आणि खालच्या विहिरीची पातळीही टिकली.

2021 साली फादर गेले. त्यांना मी कधी पाहिलं नाही. आमचा धर्म वेगळा, देव वेगळा. पण आजी म्हणायची त्या 'पोचवण्या'चा अर्थ मला त्यांच्या कामातून कळला. वरच्या माणसाला शिधा द्यावाच, पण तो ज्या डोंगरासाठी झिजतो त्या डोंगराला आपला हात लागला पाहिजे.

यंदाही दिवाळी झाली की पोती भरायची आहेत. गेल्या साली आम्ही अकरा जण होतो. बायको पहिली आली होती.