जीवाश्म परागकणांवरून कालनिर्णय

गाळाच्या खडकांत टिकून राहिलेले परागकण व बीजुके ओळखून त्या खडकांचे सापेक्ष वय ठरविण्याची पद्धत. या कणांचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन या अत्यंत चिवट द्रव्याचे असते. प्रयोगशाळेत खडकाचा भुगा हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्लुओरिक अम्लांत विरघळवितात. दगड जातो, पण पराग उरतो. हा निसर्गातला खरोखर थक्क करणारा टिकाऊपणा आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली आकार, छिद्रे व नक्षी पाहून प्रजाती ओळखतात. वर्धा खोऱ्यातील पर्मियन दगडी कोळशात दोन बाजूंना हवेच्या पिशव्या आणि मधल्या भागावर समांतर रेघा असलेले परागकण मिळतात. फुलझाडांचा पराग मात्र क्रिटेशस काळापासूनच आढळतो. एकट्या प्रजातीपेक्षा संपूर्ण समूहावर भिस्त ठेवणे इष्ट, कारण जुन्या खडकाची झीज होऊन त्यातील कण नव्या गाळात मिसळतात.

दख्खनच्या लाव्हाथरांमधील तळ्यांचा गाळ हे याचे बोलके उदाहरण. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी वनस्पती-अवशेषांवरून हा लाव्हा तृतीयक कालखंडाच्या आरंभीचा मानला होता. पुढे मध्य भारतातील अशा काही थरांत ॲक्विलापोलेनाइट्स हा पंखांसारखे फाटे असलेला पराग व ॲझोला क्रेटेशिया हा पाणनेचा यांचा समूह सापडला. त्यावरून ते थर क्रिटेशसच्या अखेरच्या, मास्ट्रिख्तियन काळातील, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांहून जुने ठरले.