मेसिना येथील गुलाबाचा कांटा

पायांत बाभळीचा कांटा मोडला, कीं दुसऱ्या दिवशीं ती जागा लाल होते, ठणकूं लागते आणि चार-दोन दिवसांत तेथें पू धरतो. पोटीस बांधून पू वाहून गेला म्हणजे माणूस त्या गोष्टीचा पुनः विचारहि करीत नाहीं. तो पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशींचा खच होय, आणि त्या पेशी तेथें रक्षणासाठीं धांवून आलेल्या असतात, ही गोष्ट कळून अद्याप दीडशें वर्षेंहि लोटलेलीं नाहींत. ती ज्याला प्रथम उमगली तो वैद्य नव्हता. इल्या मेच्निकॉव्ह नांवाचा तो प्राणिशास्त्राचा रशियन अध्यापक होता.

मेच्निकॉव्हचा जन्म १८४५ सालीं खार्कोव्हजवळ झाला. बुद्धि तीव्र, परंतु मन अतिशय हळवें. त्याची पहिली पत्नी लग्नाच्या वेळींच क्षयानें इतकी खंगली होती, कीं तिला खुर्चींत बसवून देवळांत न्यावें लागलें. १८७३ सालीं ती वारली, तेव्हां त्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढें दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वरानें अंथरुणास खिळली असतां निराशेच्या भरांत त्यानें उलटणाऱ्या तापाच्या रोग्याचें रक्त स्वतःस टोंचून घेतलें. दोन्ही वेळां तो वांचला. १८८२ सालीं ओडेसा येथील अध्यापकी सोडून तो सिसिली बेटावरील मेसिना गांवीं राहण्यास आला.

त्या वर्षाच्या अखेरीस एके दिवशीं घरांतील सर्व मंडळी सर्कशींतील शिकविलेलीं माकडें पाहण्यास गेलीं होतीं. मेच्निकॉव्ह एकटाच सूक्ष्मदर्शकाशीं बसला होता. समुद्रांतील तारामीनाचें पिल्लूं कांचेसारखें पारदर्शक असतें; त्याच्या शरीरांत इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी तो पाहत होता. अकस्मात् त्याच्या मनांत आलें, कीं या पेशी शरीराचें रक्षण करणाऱ्या असतील काय? तसें असेल, तर शरीरांत बाहेरचें कांहीं शिरतांच त्या त्याच्याभोंवतीं जमल्या पाहिजेत. बागेंत जाऊन त्यानें गुलाबाचे कांटे तोडून आणले आणि पिल्लांच्या अंगांत रोंवले. रात्रभर त्यास झोंप आली नाहीं. पहांटे पाहतो तों कांट्याभोंवतीं पेशींचा वेढा पडलेला!

पांढऱ्या पेशींच्या पोटांत जंतु दिसतात, हें इतरांनींहि पाहिलें होतें. परंतु त्या पेशी जंतूंना आश्रय देऊन सर्व देहभर फिरवितात, असा बहुतेकांचा समज होता. पहारेकऱ्यालाच चोराचा साथीदार ठरविण्यासारखेंच हें झालें. मेच्निकॉव्हनें त्यांस ‘भक्षकपेशी’ म्हटलें, आणि १८८४ सालीं पाण्यांतील पिसवांच्या अंगांत शिरलेल्या बुरशीच्या कणांना त्या कशा गिळून टाकतात, हें प्रसिद्ध केलें. पेशी जिंकल्या तर पिसू जगे. बुरशी जिंकली तर मरे. १८८८ पासून पॅरिसची पाश्चर संस्था हेंच त्याचें घर झालें.

जर्मन पंडितांना हें पटेना. १८९० सालीं बेरिंग व किटासाटो यांनीं रक्तांतील पेशीविरहित रसांतच विषनाशक गुण असल्याचें दाखविलें. १८९४ सालीं फायफर यानें लस दिलेल्या गिनीपिगच्या उदरांत पटकीचे जंतु पेशींवांचूनच विरघळतात हें सिद्ध केलें. दैवाचा खेळ असा, कीं हा रसाचा पक्ष पुढें बळकट केला तो मेच्निकॉव्हच्याच प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या बोर्दे यानें.

हा वाद युरोपांत रंगला असतांनाच मेच्निकॉव्हचा ओडेसांतील शिष्य हाफकिन १८९६ सालीं प्लेगानें गांजलेल्या मुंबईंत दाखल झाला. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें आपली नवी लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. लसीचें काम रस करतो कीं पेशी, याचा निवाडा झालेला नव्हता. पण त्यासाठीं प्लेग थोडाच थांबणार होता? परळ येथील संस्थेस आज त्याचेंच नांव आहे.

तडजोड निघाली ती १९०३ सालीं. लंडनच्या राइट व डग्लस यांनीं दाखविलें, कीं रक्तरसांतील कांहीं द्रव्यें जंतूंवर बसतात आणि मग भक्षकपेशी त्यांना चटकन् गिळतात. त्या द्रव्यांना त्यांनीं जें ग्रीक वळणाचें नांव दिलें, त्याचें मूळ चक्क ‘तोंडीं लावणें’ या अर्थाच्या शब्दांत आहे. भाकरी तीच, पण चटणी असली म्हणजे घांस लवकर उतरतो! १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह आणि रसपक्षाचा धुरंधर एर्लिख यांना विभागून मिळालें. उतारवयांत मेच्निकॉव्हला आंबविलेल्या दुधानें आयुष्य वाढतें असा ध्यास लागला होता. ताक पिणाऱ्या महाराष्ट्रास तें आवडेल. परंतु तो स्वतः १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं वारला.

एर्लिखनें १९०९ सालीं आणखी एक तर्क मांडला. शरीरांत कर्करोगाच्या पेशी वारंवार उपजत असाव्यात आणि हीच संरक्षणव्यवस्था त्यांना वेळींच मारीत असावी. जंतु परका, म्हणून ओळखूं येतो. पण कर्करोगाची पेशी घरचीच. ती ओळखावी कशी? १९७५ सालीं पूर्वतयारीवांचून मारणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि त्यांच्या अभ्यासांतून उत्तर हळूहळू मिळालें. निरोगी पेशी आपल्या पृष्ठभागावर ओळखीची खूण बाळगते. ती दिसली कीं मारेकरी पेशी हात आंवरते. विषाणूनें ग्रासलेल्या किंवा बिघडलेल्या पेशीवरून ती खूण पुष्कळदां नाहींशी होते. शिवाय पेशीच्या अंतरंगांत ताण पडला, म्हणजे संकटाचीं विशिष्ट प्रथिनें तिच्या अंगावर उमटतात. खूण गेली आणि संकटचिन्ह आलें, कीं मारेकरी पेशी तिला भोंक पाडून ठार करते.

कर्करोग मात्र धूर्त आहे. रक्षक पेशींना आंवरण्यासाठीं शरीरानें जे लगाम ठेवलेले असतात, तेच तो ओढून धरतो. हे लगाम सैल करण्याचा उपाय ज्यांच्या शोधांतून निघाला, त्या ॲलिसन व होंजो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या औषधांनीं पूर्वी असाध्य मानलेले कांहीं रोगी वर्षानुवर्षें जगले. पुष्कळांना गुण आला नाहीं, आणि कित्येकांच्या बाबतींत मोकळ्या सुटलेल्या पेशींनीं त्यांच्याच आंतड्यांवर व यकृतावर हल्ला चढविला.