ममीकरण द्रव्यांचे विश्लेषण

प्राचीन ईजिप्तमध्ये मृतदेह टिकविण्यासाठी वापरलेले क्षार, तेले, चरबी, मेण, राळ इ. पदार्थ ओळखण्याचे शास्त्र. ‘ममी’ हा शब्द अरबीतील ‘मूमिया’ म्हणजे डांबर यावरून आला. काळवंडलेले देह डांबरात बुडविलेले असावेत, असा समज त्यामागे होता. परीक्षणाने तो पुष्कळसा दूर केला आहे. काळेपणा अनेकदा जुन्या झालेल्या राळेचा व तेलाचा असतो. डांबराचा सढळ वापर उत्तरकालीन, विशेषतः ग्रीक-रोमन काळातील ममींत आढळतो.

देह ७० दिवस नेट्रॉनमध्ये ठेवण्याची रीत हीरॉडोटसने (इ. स. पू. पाचवे शतक) वर्णिली आहे. नेट्रॉन म्हणजे सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट, मीठ व सोडियम सल्फेट यांचे नैसर्गिक मिश्रण. ते वादी नत्रून येथे मिळे. त्याचे द्रावण वापरीत की कोरडे खडे, हा वाद बराच चालला. तूतांखामेनच्या थडग्यातील वस्तूंवर काम केलेले रसायनज्ञ ॲल्फ्रेड ल्यूकस यांनी कोरड्या वापराचा पक्ष मांडला आणि तोच सामान्यतः मान्य झाला. ओलावा शोषून कुजणे थांबविणे, हे या क्षाराचे मुख्य कार्य होय.

क्षाराहून राळ व तेले ओळखणे अवघड. हैदराबादच्या राज्य संग्रहालयातील एका तरुण स्त्रीच्या ममीचे २०१६ मध्ये क्ष-किरण व सीटी चित्रण झाले. तिच्या जतनकार्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील तज्ञांचा सहभाग होता. अशा चित्रणाने आवरणे न उलगडता हाडे व दात दिसतात, परंतु राळ कोणत्या झाडाची हे कळत नाही. त्यासाठी अल्पसा नमुना विरघळवून वायुवर्णलेखनाने त्यातील घटक वेगळे करतात व रेणूंच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून ते ओळखतात. रिसिनोलेइक अम्ल एरंडेल सुचविते, डीहायड्रोअबायेटिक अम्ल सूचिपर्णी वृक्षांची राळ. याच पद्धतीने मोस्तागेद्दा येथील सु. ४५०० ते ३३५० इ. स. पू. या काळातील प्रेतवस्त्रांवर राळमिश्रित लेप आढळला (२०१४). राळेच्या वापराचा प्रारंभ त्यामुळे सु. दीड हजार वर्षांनी मागे गेला.

सर्वांत बोलका पुरावा मात्र देहांचा नसून भांड्यांचा आहे. सक्कारा येथे २०१६ मध्ये सव्विसाव्या राजवंशाच्या काळातील (इ. स. पू. ६६४–५२५) ममीकरणाची कार्यशाळा सापडली. तेथील भांड्यांवर पदार्थांची नावे व ‘डोक्यावर लावण्यासाठी’ अशा सूचना लिहिलेल्या होत्या. त्यांपैकी ३१ भांड्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘अंतिऊ’ या शब्दाचा अर्थ अभ्यासक हिराबोळ असा करीत आले होते. येथे त्या नावाच्या भांड्यांत देवदारवर्गीय व जूनिपर किंवा सायप्रस यांची तेले चरबीत मिसळलेली निघाली. केवळ कोशावर विसंबून केलेली जुनी भाषांतरे त्यामुळे पुन्हा तपासणे भाग आहे. पिस्त्याच्या प्रजातीतील झाडाची राळ व एरंडेल केवळ डोक्यासाठीच्या लेपांत होते.

याच भांड्यांत डामर व एलेमी या राळा मिळाल्या. एलेमीची झाडे आफ्रिका व आशिया या दोन्ही खंडांत आहेत. डामर मात्र आशियाच्या उष्ण वनांतून आलेले दिसते. आपल्याकडे धूपासाठी जाळली जाणारी सालवृक्षाची राळ डामर देणाऱ्या वृक्षकुलातीलच असल्याने, ईजिप्तला ती भारतातून गेली असे म्हणण्याचा मोह होतो. पण रेणूंवरून कुल कळते, प्रत्येक वेळी जाती व वन कळत नाही. संशोधकांचा कल आग्नेय आशियाकडे आहे. ती राळ कोणत्या बंदरांतून व किती हातांतून नाईलपर्यंत पोहोचली, हे भांड्यांतील अवशेष सांगू शकत नाहीत.