कोणत्या शतकाचे रक्षण करावे?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवर मराठी लेख वाचायला मिळतो, याचा आनंद घरापासून दूर नोकरी करणाऱ्या माणसालाच कळावा. दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले वंशाचा इतिहास १८०३ मध्ये तेथे कोरवून घेतला. चारच वर्षांपूर्वी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला होता. राज्य उरले नाही, तेव्हा वंशकथा तरी दगडाच्या स्वाधीन करावी, असे त्यांना वाटले असावे.

पण माझ्यातला प्रशासक गप्प बसत नाही. राजराज चोळाने हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण केले. म्हणजे सरफोजींच्या वेळी ते आठशे वर्षांचे जुने होते. आज कोणी तेथे असा लेख कोरला, तर १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याचे कलम ३० त्याला लागू होईल. मोडतोड, फेरफार, विद्रूपीकरण, सारे त्यात येते. मूळ शिक्षा तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड अशी होती. २०१० च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे व एक लाखापर्यंत वाढली. गंमत अशी, की तोच कायदा आता सरफोजींच्या अक्षरांचेही रक्षण करतो!

अंगणातला प्रचंड नंदी आणि सुब्रह्मण्याचे देऊळ नायक राजांच्या काळातले. शंभर वर्षे झाली की वास्तू 'प्राचीन' ठरू शकते, आणि ही सगळीच ती अट पुरी करतात. फेरफार करू नका, एवढे कायदा सांगतो. मात्र कोणत्या शतकातले रूप प्रमाण मानायचे, हे फायलीवर ठरते.

गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना नायककालीन चित्रांखाली चोळांची चित्रे आढळली. पुढे पुरातत्त्व खात्याने काही भागांतला वरचा थर अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर बसवला आणि खालची चित्रे उघडी केली. काम वाखाणण्याजोगे, शिवाय चोळचित्रे अतिदुर्मिळ, त्यामुळे निर्णय मलाही पटतो. पण फेरफार तो फेरफारच. उद्या कोणी आपला मराठी लेखही चोळांच्या भिंतीवरचे अतिक्रमण ठरवला, तर आपण तक्रारीचे ढीग पाठवू. नायकांच्या वतीने लिहिणारे मात्र कोणी उरले नव्हते. ती फाईल माझ्याकडे आली असती, तर सही करण्यापूर्वी एवढे एक वाक्य मी टिपणीत नोंदवले असते.