तळटीप : ‘डायनॅमो’

* डायनॅमो : म्हणजे डी.सी. जनरेटर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथमध्ये रेडिओसुद्धा नव्हता. विमानाची विजेची भूक वाढली ती पुढे. जनरेटरची अडचण अशी, की इंजिनाचे फेरे कमी असले की तो चार्जिंग करत नाही. जुहूच्या धावपट्टीच्या तोंडाशी परवानगीची वाट पाहत इंजिन मंद ठेवले, की अ‍ॅमीटरचा काटा शून्याच्या डावीकडे कलतो. रेडिओ तेवढा वेळ बॅटरीवरच चालतो. अल्टरनेटर मंद इंजिनावरही वीज देतो, शिवाय वजनाला हलका. म्हणून १९६० च्या दशकापासून सेसनाच्या छोट्या विमानांत तो आला, आणि माझ्या मते आजही निवड त्याचीच व्हावी. मात्र बॅटरी पार उतरली असेल, तर पंखा हाताने फिरवून इंजिन चालू केले तरी अल्टरनेटर सहसा उठत नाही : त्याच्या फील्ड कॉइलला आधी बॅटरीचा प्रवाह लागतो. जनरेटर लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर जागा होतो. यांपैकी काहीही बंद पडले तरी इंजिन थांबत नाही, कारण ठिणगी मॅग्नेटो देतो. — संपा.